किती एचपी?

अनोळखी नंबर उचलू नका, म्हणतात.
कुणालाही फोन लावा, रिंगच्या आधी तेच वाजतं.

माझा नंबर वडणग्याच्या पाण्याच्या टाकीवर आहे,
केर्लीच्या एसटी शेडवर, चिखलीत पुलाच्या कठड्यावर,
निळ्या ऑइलपेंटनं मीच काढलाय:
महिपती मगदूम, मोटर रिवायंडिंग, उद्यमनगर.
ओळखीचा माणूस फोन करतो
तो उधारी मागायला, नाहीतर लग्नाला बोलवायला.
माझी भाकरी अनोळखी नंबरावर आहे.

म्हणून सगळे उचलतो.
हात वार्निशचे असतात, कोपरानं उचलतो,
स्पीकरवर टाकतो आणि तारेचे वेढे मोजत राहतो.
तुमचं कार्ड मंजूर झालंय. बेचाळीस, त्रेचाळीस.
सातबाऱ्यासकट प्लॉट आहे. चव्वेचाळीस.
आज रात्री साडेनऊला तुमची लाईट तोडणार.
तोड म्हटलं, मीटर भावाच्या नावावर आहे.
आणि आता सत्तेचाळीस होते की अठ्ठेचाळीस?
सगळी कॉइल पुन्हा उलगडायची.

गेल्या मार्गशीर्षात एक आवाज आला, कडक इस्त्रीचा.
"टेंबलाईच्या कॅम्पातून बोलतोय. बारा मोटरी जळल्यात."
बारा!
मी स्टुलावरनं उठून उभा राहिलो.
फोनवर कोण बघतंय, तरी शर्टाचं वरचं बटण लावलं.
ॲडव्हान्स पाठवतो म्हणाला,
हे चौकोनी चित्र स्कॅन करा, पिन टाका.
मी टाकला.
अठरा हजार चारशे. तांब्याच्या तारेचे द्यायचे होते.
संध्याकाळी शालन एवढंच म्हणाली,
पैसे घ्यायला कुणी किल्ली मागतं होय?

ठाण्यात हवालदार लिहून घेत होते, तेवढ्यात
त्यांचाच फोन वाजला.
"लोन नको. नको म्हटलं की एकदा,"
आणि माझ्याकडे बघून गप झाले.
मीही कागदाकडे बघितलं.

जळलेली मोटर मी वासावरनं सांगतो.
वेढे शॉर्ट आहेत की बेअरिंग धरलंय,
एक फेज गेल्यावरही चालवली का,
आणि समोरचा आईची शपथ घेऊन खोटं बोलतोय का.
फोनला वास नाही.

म्हणून हल्ली मी हॅलो म्हणत नाही.
विचारतो, किती एचपी?
बँका गोंधळतात.
रेकॉर्ड केलेली बाई एक दाबा म्हणत राहते.
एकजण म्हणाला, दिल्लीत गुन्हा आहे,
तुम्ही घरातच अटकेत आहात, कॅमेरा चालू करा.
केला. जळक्या स्टेटरवर धरून ठेवला.
बराच वेळ बघितलं. मग साहेबांनीच फोन ठेवला.
खरा असतो तो एका दमात सांगतो:
साडेसात, नदीकाठाला हाय, रात्रीपासनं नुसती गुरगुरालीय.

परवा दुपारी तीनला एक पोरगा.
"सर, पर्सनल लोनसाठी..."
किती एचपी?
थांबला.
मागे शंभरभर पोरं बोलत होती, मोहोळ उठल्यासारखी.
मग हळूच: "पाच. सबमर्सिबल. सारखी ट्रिप होते."
कुणाची?
"घरची. पप्पा सोमवारपासनं म्हणालेत, कुणाला तरी विचार."
मी म्हटलं, आधी केबलचा जोड बघा,
तिथं पाणी शिरतंय.
मोटर बदला म्हणणाऱ्याचं ऐकू नका.
"बरं," म्हणाला.
आणि लगेच, पाठीमागं कुणी येऊन उभं राहिल्यासारखं,
"तर सर, किती रकमेचं बघू?"
नको, म्हटलं. नको रे बाबा.
इतक्या मायेनं मी कर्ज कधी नाकारलं नव्हतं.

जोडच होता का, ते कळलं नाही.
रात्री जेवताना मीच तो नंबर लावला.
आपण डायल केलेला नंबर अस्तित्वात नाही.
पुन्हा लावला. नाहीच.

दोनदा लावला होय? शालन म्हणाली, ताटात भात वाढत.
मग आता त्याच्या फोनात
तुमचं नाव लाल येत असंल.