तिसऱ्या रांगेत मुकादम

सोमवारी तिकीट अर्ध्या दरात,
म्हणून गेलो चौघी: ओदिलिया, ग्रासिएत, मी,
आणि दिओलिंदा, जिची बोटं
कितीही लिंबू चोळलं तरी सार्डिनचीच राहतात.
मातोझिन्योशचं जुनं थेटर. खुर्च्यांच्या स्प्रिंगा वर आलेल्या.

सिनेमा विनोदी होता.
कचेरीतला एक साहेब, दुसऱ्यांच्या डब्यात बोट घालून चव बघणारा,
घड्याळ पाच मिनिटं मागे सारून
लोकांची सुट्टी खाणारा.
आणि एक किडमिडीत कारकून, होयबा,
जो शेवटी त्याला टपालाच्या ढकलगाडीत कोंबतो
आणि उतारावर सोडून देतो.
गाडी सुसाट. वाटेत एक अंत्ययात्रा,
लोक टोप्या काढून तिलाही वाट देतात.
मग कारंजं.

थेटर कोसळलं.
दिओलिंदानं माझ्या मांडीवर थाप मारली
आणि तेवढ्यात ऐकू आलं
पुढून तिसऱ्या रांगेतलं खिंकाळणं.
ते हसू आम्ही ओळखतो,
रोज आमच्या टोप्यांवरून जातं.

सेन्योर बाल्ताझार. आमचा मुकादम.
जो ग्रासिएतला ‘शेपटी’ म्हणतो,
जो आम्ही लघवीला गेल्याची मिनिटं
फळ्यावर खडूनं लिहितो, नावासकट.
बायकोच्या खांद्यावर डोकं टाकून
डोळे पुसत म्हणत होता,
‘बरं झालं मेल्याला! असल्यांना हेच पाहिजे!’

आरसा धरला समोर,
तर गड्यानं त्यात भांग पाडला.

मंगळवारी पट्ट्यापाशी उभा राहून
त्यानं आम्हाला सगळा सिनेमा सांगितला,
चाकांचा आवाज तोंडानं काढून.
त्याच्या विनोदाला हसणं
हे कामात धरलेलं आहे, पगारात नाही.
कारंजं झालं. तो थांबला,
चर्चमध्ये तबक फिरवतात तसा चेहरा फिरवत.

ग्रासिएतनं एक मुंडकं तोडलं.
ओदिलियानं तेल ओतलं.
मी झाकण लावलं.
ठरवलं नव्हतं कुणी, शपथ.
फक्त पट्ट्याची घरघर.

‘कळलं नाही का? ढकलगाडी! कारंज्यात!’

दिओलिंदा, आमच्यातली सगळ्यात भित्री,
एकतीस वर्षं मान खाली,
एप्रनला हात पुसत म्हणाली,
‘कळलं की, सेन्योर.
आम्ही तुमच्या मागेच बसलो होतो.’

तो बघत राहिला. तिच्याकडे, मग आमच्याकडे,
मग स्वतःच्या बुटांकडे.
फळ्यापाशी जाऊन खडू उचलला,
आणि काय लिहायचं तेच आठवेना.

त्या दिवशी ग्रासिएत दोनदा जाऊन आली,
एकदा तर गरज नसताना.
येताना मागच्या दारात
जरा वेळ समुद्र बघत उभी राहिली.

बुधवारी मिनिटं पुन्हा फळ्यावर आली,
खोटं कशाला सांगू.
पण अक्षर इतकं बारीक
की वाचायला त्यालाच चष्मा लागला.