हलका दांडा

पेटी माझ्याकडे असते, म्हणून शिव्याही माझ्याकडेच येतात.
पत्र्याची पेटी, तिला दोन कुलपं.
एकाची किल्ली माझ्या कमरेला,
दुसऱ्याची एनेलेसीच्या.

शिरे नदी इथून पाऊण तास.
पूर्वी तिथूनच आणायचो.
एकीनं भरायचं, एकीनं पाण्यावर नजर ठेवायची.
मगर काही हाक मारून येत नाही.
डोरिकाची बादली सापडली होती.
बादलीच.

मग पंप आला, फलकासकट.
फलकावर चार नावं, एकही आमच्या तोंडात न मावणारं.
त्यांनी फोटो काढले, आम्ही नाचलो.
खोटं कशाला बोलू, मनापासून नाचलो.
दीड वर्षानं दांडा हलका झाला.
आत खोलवर रबराचं एक सील झिजलं होतं,
किंमत एका कोंबडीची.
त्या एका कोंबडीपायी सहा वर्षं
आम्ही पुन्हा नदीवर,
आणि पंपाला बकऱ्या बांधलेल्या.
फलक मात्र दर नाताळला कुणीतरी पुसायचं.

एनेलेसी जिल्ह्याच्या गावी अकरा दिवस राहून शिकून आली,
पिशवीत पाना, दोरी, ग्रीसचा डबा.
आंब्याखाली बसलेले बाप्ये हसले.
तिनं एकेक करत पंधरा सळया उपसल्या,
त्यांच्याच पायांपाशी ओळीनं मांडल्या
आणि म्हणाली, मोजा.

महिन्याला घरटी दोनशे क्वाचा ठरले.
वहीच्या पहिल्या पानावर नियम तिनंच लिहिला:
हे पैसे पंपाचे.
मयताला नाहीत, लग्नाला नाहीत,
मुखियाच्या भाच्याला तर नाहीतच.
पाणी नळीतून येऊ दे, म्हणाली,
पेटीत मुरायला नको.

मार्चच्या वादळात तिच्या घराचं छप्पर गेलं.
संध्याकाळी दारात उभी, किल्ली हातातच.
"चार पत्रे. कापूस विकला की फेडते."
आत दिव्याशी मी वही उघडली,
पहिलं पान काढलं
आणि तिच्याच अक्षरावर बोट ठेवलं.
ती वाचत राहिली, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं.
मग किल्ली कमरेच्या कापडात खोचून
चिखलातून निघून गेली.

मी चटई पाठवली. परत आली.
मक्याचं पीठ पाठवलं. तेही आलं,
वर बांधलेली गाठसुद्धा माझीच.

चार महिने.
ती पंपाशी दिसली की मी वाट बदलायची,
आणि तिचा महिना वहीत कोराच राहायचा.
बायका विचारायच्या, तिच्याकडून मागत का नाहीस?
मी म्हणायचे, मागते.

जुलैअखेर दांडा पुन्हा हलका झाला.
आधी वीस हात मारावे लागायचे, मग पन्नास,
मग लहान पोरंही एका बोटानं हलवू लागली.
हलका दांडा म्हणजे काय, हे आता गावात सगळ्यांना कळतं.
रात्रभर मी वाक्यं जुळवत पडले,
तिच्या दारात जाऊन काय म्हणायचं ते.
पहाटे पोचले, तर घर रिकामं.
ती पंपाशी होती, गुडघ्यांवर,
सळया अर्ध्या बाहेर.

झिजलेलं सील तिनं उजेडात धरलं,
त्याच्यातून माझ्याकडे पाहिलं.
"पैसे आहेत?"
"आहेत."
दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोघींच्या हाताला ग्रीस.
पोरगा सायकलवरून दुकानाकडे सुटला.

दुपारी पाणी आलं, आधी गढूळ, तांबूस.
ते तिनं मातीत जाऊ दिलं, बराच वेळ.
मग ओंजळीत घेतलं, चाखलं, थुंकलं,
पुन्हा घेतलं आणि गिळलं.
रांग गप्प.
स्वतःची बादली तिनं सगळ्यांच्या आधी भरली,
असं तिनं आजवर कधी केलं नव्हतं.
कुणी काही बोललं नाही.

मग कापडाची गाठ सोडून
ओल्या हातानं नोटा माझ्यापुढे केल्या.
"चार महिन्यांची बाकी. लिही."

तिच्या छपरावर अजून गवतच आहे.
मी वही मांडीवर घेतली, लिहिलं:
एनेलेसी, आठशे.
कागद भिजला होता,
आठावरची शाई जराशी फुटली.