तेवीस आठवडे

मायनॉटला नोव्हेंबरात रस्ते गोठले
की मोटरसायकली गराजात झोपतात
आणि त्यांच्या सीटा आमच्याकडे येतात.
खोक्यांतून, पोत्यांतून; एक तर उशीच्या अभ्र्यातून आली,
मालकाच्या बुडाचा खड्डा तसाच घेऊन.
ऑर्व्हिल ट्वेट प्रत्येक खड्ड्यात तळहात ठेवतो,
डोळे मिटतो, म्हणतो,
"हा डावीकडे कलतो. जुनं दुखणं आहे."

मी फोन घेते आणि वही सांभाळते.
वहीत नाव, वजन, उंची, पायांची आतली लांबी,
सोबत बायकोने नाहीतर शेजाऱ्याने काढलेला फोटो:
गाडीवर ताठ बसलेला माणूस,
फोटोपुरतं पोट आत ओढलेलं.
ऑर्व्हिल ते पोट मनातल्या मनात सोडून बघतो.

"किती दिवस?"
"तेवीस आठवडे."
मग ती शांतता. ती मला पाठ झाली आहे.
टेक्ससवाला शिव्या देतो.
ओहायोची नर्स म्हणते, एप्रिलमध्ये लग्न आहे माझं,
चर्चला गाडीवरूनच जायचंय.
एकाने दुप्पट पैसे देऊ केले,
एकाने स्वतः मारलेल्या हरणाचं मांस.
ऑर्व्हिलने मांसाची बारीक चौकशी केली,
नंबर मात्र हलवला नाही.
फोम कापायला एक माणूस, शिवायला तोच,
आणि थंडीत त्याचा उजवा अंगठा वाकायला तयार नसतो.

बोझमनचा ड्वेन हौगी
महिन्याच्या पहिल्या सोमवारी फोन करायचा.
घाई नाही, म्हणायचा, फक्त वजन दुरुस्त करा.
ऑक्टोबरात दोनशे दहा पौंड.
डिसेंबरात एकशे ब्याण्णव.
जानेवारीत एकशे त्र्याहत्तर, आणि आकड्याच्या मधोमध खोकला.
मी खोडायची, वर नवा लिहायची.
विचारलं नाही.
रकाना वजनाचा होता, कारणाचा नव्हता.

एका संध्याकाळी ऑर्व्हिलने ती ओळ पाहिली.
चष्मा पुसला, पुन्हा पाहिली.
शेगडीत लाकूड सारलं आणि घरी गेला.
सकाळी वही उघडते तर
एकोणचाळिसावा ड्वेन दुसऱ्या जागी,
आणि एकोणचाळिसाव्या जागी: ऑर्व्हिल.
त्याची स्वतःची सीट नऊ हिवाळे चंदेरी चिकटपट्टीवर तगलेली.
यंदा मीच भांडून भांडून त्याचं नाव वर घातलं होतं.
"रांग मोडली नाही," तो म्हणाला,
माझ्याकडे न बघता,
"दोन गिऱ्हाइकांनी अदलाबदल केली."

मांस उतरलं की हाडं बोलतात, तो म्हणायचा.
म्हणून त्याने वरचा थर मऊ घेतला,
लोण्यासारखा,
शिवण बाहेरच्या कडेला नेली, कुठे टोचू नये म्हणून.
एकदा उसवली, पुन्हा घातली.

फेब्रुवारीत सीट पाठवली, तिकडे अजून गुडघाभर बर्फ.
मार्चचा पहिला सोमवार. फोन नाही.
एप्रिलचा.
नर्स लग्नाला चारचाकीतून गेली, तसं कळवलं तिने,
मुद्दाम.
मेचा.
ड्वेनचा नंबर वहीत होता.
बोट आकड्यांपर्यंत जायचं
आणि मी दुसऱ्याच कुणाला तरी लावायची.

जूनमध्ये खोकं परत आलं.
पाठवणाऱ्याचं नाव हौगीच, पण अक्षर कुणाचं?
कात्री हातात धरून मी बराच वेळ उभी होते.
आत सीट, तिच्यात नवा, उथळ खड्डा,
आणि पेट्रोलच्या पावतीमागे दोन ओळी:
आता फार मऊ पडते. खाली पत्र्याला टेकतो.
एकशे ब्याऐंशी. कधी जमेल?

मी फोन लावला. त्यानेच उचलला.
"तेवीस आठवडे," मी म्हटलं.
शांतता.
ही मला पाठ नव्हती.
मग हसणं, खोकल्याशिवायचं, लांबलचक.
"तेवीस," तो म्हणाला. "लिहा की मग. लिहा."

मी लिहिलं.
खिडकीबाहेर ऑर्व्हिल धागा आणायला निघाला होता
त्या चंदेरी पट्ट्यांवर बसून,
डावीकडे कलून.