जॉबरचा तळहात

अशोक चौकाच्या मागं माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान.
जळालेल्या मोटरी येतात,
वार्निशच्या वासात आठवडाभर बसतात
आणि मोजून घातलेल्या फेऱ्यांनी जिवंत होऊन
परत मागाला जुंपल्या जातात.

एप्रिलात शिवलीला आली, हत्तुऱ्यांची,
इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला.
काका, आठ कॉइल हव्यात,
चपट्या, भाकरीएवढ्या, बावीस गेज, तीनशे फेरे.
कशाला गं?
ड्रोन उतरवायला.
ते आपलं आपण उतरतं की.
उतरत नाही, काका, आपटतं.
शेवटची वीतभर जागा त्याला कळतच नाही.

वीतभर. ते मात्र मला कळलं.
धोटा पेटीत शिरतो तेव्हा
पेटीनं त्याला जरासं धरावं लागतं.
फार धरलं तर अडकतो,
सोडलं तर उलटा उडतो,
सूत तुटतं, आणि मग शेडभर शिव्या.
हे मला बापानं शिकवलं. इस्तारी जॉबर,
चाळीस वर्षं मागांत, कान त्यांनाच देऊन बसलेला.

तिनं माझ्याच भंगारातली तांब्याची नळी उचलली,
वरून चुंबक सोडला.
मी खाली हात धरला, वाट पाहिली,
आणखी पाहिली.
पडला नाही तो. जिना उतरत आला.
तांब्याला तर चुंबक चिकटतसुद्धा नाही!
चिकटत नाही, पण अडवतं, ती म्हणाली.
जितक्या घाईनं येशील तितकं जोरात.
थांबलास, की तांब्याचा तुझ्याशी संबंध संपला.

दिवसभर मागांच्या मोटरी, रात्री हे.
बोटांना फेरे मोजायची सवय,
दोनशे बारा, दोनशे तेरा,
मध्ये कुणी चहा विचारला की पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्यांदा गच्चीवर लावलं तेव्हा
ड्रोनचं होकायंत्रच भांबावलं.
चुंबकांच्या गर्दीत उत्तर कुठली, त्याला समजेना,
गरगरलं, भिंतीवरून पलीकडे
येमुलांच्या रंगाच्या हौदात.
दोन दिवस शिवलीलाचे हात लाल.
मग होकायंत्र वर, पातळ दांडीवर नेलं,
कॉइलींपासून लांब,
नव्या सुनेला सासरच्या कलकलाटातून
जरा माळ्यावर बसवावं तसं.

दुसऱ्यांदा हवेवर तरंगलं, आणि कडेला घसरलं.
नुसत्या ढकलण्यानं काही स्थिर राहत नाही, म्हणे,
कडेच्या कॉइलींनी क्षणाक्षणाला सावरावं लागतं,
इकडे थोडा करंट, तिकडे थोडा कमी.
आमच्या घरी याला एकच शब्द आहे, तेलुगूतला:
मेल्लगा.
हळूच. पण हळूच म्हणजे सावकाश नव्हे,
समोरच्याचं वजन ओळखून.

धक्का मोजायचं यंत्र महाग होतं.
मी बापाला गच्चीवर आणलं.
मागाच्या चौकटीवर डोळे मिटून हात ठेवायचा
आणि सांगायचा, तिसऱ्या खिळ्याजवळ ढिला आहे.
खिळा ढिला असायचाच.
पाटाच्या कडेवर त्याचा तळहात ठेवला.
पहिल्या खेपेला म्हणाला, पडलं.
पाचव्या खेपेला, टेकलं, पण डावा पाय आधी.
शिवलीलानं वहीत लिहून घेतलं, डावा पाय,
आणि त्या बाजूच्या कॉइलीचे बारा फेरे मी उकलले.

शनिवारी, ऊन उतरल्यावर,
हवेत शेंगदाणे भाजल्याचा वास असताना
ते खाली आलं.
वीतभर उंचीवर पंखे मंदावले,
बाकीचं अंतर त्याला कुणीतरी
ओंजळीत घेऊन उतरवलं.
पाटावर बसलं. पंखे थांबले.
शिवलीलानं तोंडावर हात दाबला,
शेजारच्या गच्चीवरची पोरं ओरडली,
वाळत घातलेली चादर तेवढी हलत राहिली.

बाप डोळे मिटूनच बसलेला,
तळहात पाटाच्या कडेला, बोटं पसरलेली,
माग सुरू व्हायच्या आधी बसायचा तसा.
बऱ्याच वेळानं, चिडूनच, म्हणाला,
का रे, अजून किती वेळ?
आणता का नाही ते खाली?