कारणाचा रकाना

रामबाग इलेव्हनच्या रजिस्टरात सहा रकाने आहेत.
पहिले पाच भरायला डोकं लागत नाही :
तारीख, मैदान, समोरचे कोण, गोल, मिनिट.
सहावा मी स्वतः आखला, लाल पेनानं, पट्टी न घेता,
म्हणून तो खाली जाता जाता रुंद होत गेलाय.
कारण.

महूविरुद्ध, सत्त्याऐंशी. कारण : किबेचा डावा पाय.
देवासविरुद्ध, एकोणनव्वद. कारण : रेफ्री,
जो त्यांच्या गोलकीपरचा साडू निघाला.
(निघाला म्हणजे आम्ही काढला. लखन चौकशी करून आला होता.)
रेल्वेविरुद्ध, नव्वद अधिक दोन.
हे अधिक दोन आले कुठून, असं आधी लिहिलं,
मग खोडून : सरमंडल, थ्रो-इन.

हरलो की आम्ही चिमणबागेच्या कडेला
क्रिकेटवाल्यांच्या रोलरवर बसतो.
बूट काढलेले, मोज्यांचा वास,
आणि दोष फिरायला लागतो तंबाखूच्या डबीसारखा.
ज्याच्या हातात येतो तो जरा मळतो,
पुढे देतो.

किबे म्हणतो, पासच उशिरा आला.
पास इरफानचा. इरफान म्हणतो, भिया, दम किसमें बचा था,
हाफटाइमचं लिंबूपाणी पातळ कुणी केलं ते विचारा.
लिंबूपाणी मुळ्ये आणतो. मुळ्येच्या घरी आजारपण आहे.
सगळे एकदम गप्प,
आणि दोष मुळ्येला वळसा घालून
बर्फवाल्याकडे जातो, जो तिथे नसतो.

आमच्यात दुष्ट असा कुणी नाही.
ऐंशी मिनिटं आम्ही चांगले असतो. अगदी चांगले.
मी लाइनीबाहेर उभा असतो,
सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला,
आणि ओरडतो : दहा राहिली!
सात राहिली! सांभाळा!

एका रविवारी जेवणं झाल्यावर रजिस्टर उघडलं
आणि मिनिटांच्या रकान्याकडे नुसता बघत बसलो.
दहा म्हटलं की बाबू स्टॉपर मान वळवतो.
आधी माझ्याकडे, मग मागे गोलकडे,
घराला कुलूप लावलं का, ते आठवत असल्यासारखा.
सात म्हटलं की अकराच्या अकरा
आपल्याच गोलसमोर, लग्नातल्या ग्रुप फोटोला जमावेत तसे.
बॉल समोरच्यांचा. मैदानही त्यांचंच.
मी सांभाळा म्हणायचो.
ते सांभाळत होते.

कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा.
पेनचं टोपण काढलं,
लावलं.

पुढची मॅच धारविरुद्ध. घड्याळ घरी ठेवलं,
फ्रिजवर, उपडं.
एक-शून्यनं पुढे होतो. ऊन उतरलं,
भुट्टेवाला शेगडी विझवून निघून गेला,
मी जीभ दाताखाली धरून उभा.
किबे पुढे, इरफान पुढे, बाबूसुद्धा अर्ध्या लाइनीपलीकडे,
कधी नव्हे तो हसत,
आणि मागे इतकं मैदान मोकळं
की धारचा एक पोरगा, नावही ठाऊक नाही,
बॉल घेऊन एकटाच आला, थांबला,
कुणी येतंय का बघितलं,
आणि मारला.
थोड्या वेळानं पुन्हा आला.

दोन-एक. रोलर. मोजे.
किती मिनिटाला रे? मी विचारलं.
कुणालाच माहीत नव्हतं.
मग लखन म्हणाला, पर भिया,
आज टैम का नाही बोलले तुम्ही?
सगळ्या माना माझ्याकडे वळल्या,
बाबूची सगळ्यात आधी, सवयीनं.
हलकं वाटलं मला, खरं सांगतो.

पाचवा रकाना कोरा ठेवला.
सहाव्यात लिहिलं : दिगंबर रेगे.
अक्षर बरं आलं.
मुळ्ये वाकून बघत म्हणाला,
रेफ्रीचं पण लिहा खाली,
जागा आहे.