बारा जोड मोजे

या वर्षी मोजे सगळे एकाच राखी रंगाचे घेतले.
बारा जोड. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात,
भाव न करता.
विकणाऱ्या बाईने विचारलं, शाळा चालवता?
म्हटलं, जवळपास.

आता सकाळी सहा पन्नासला
कुणाचा डावा कुठे गेला, हा खटला उभा राहत नाही.
टोपलीत हात घालायचा, कुठलेही दोन काढायचे.
जुळतातच.
इतकं बिनतक्रार लग्न मी दुसरं पाहिलेलं नाही.

बाकीचं चुकत चुकत शिकले.
स्कूटरची चावी दाराशी, करवंटीत.
करवंटीत नसेल तर मिथिलच्या खिशात, आणि तिथे नसेल
तर तो खरंच काही बोलत नसतो, गालात चॉकलेट असतं.
गेटला कापडी पिशवी, पिशवीत तीस रुपये सुटे:
पोदेराचा पोंपों आता मी झोपेतच ऐकते,
सहा उंडे न बोलता घरात येतात.
रविवारी चार नारळ खवून
फ्रीजरमध्ये सात डब्या.
वन्सं म्हणाल्या, हुमणाला चव राहणार नाही.
मग दोनदा वाढून घेतलं,
आणि चवीचा विषय काढला नाही.

पहिला चहा माझा कधीच नव्हता.
तो ओट्यावर गार होतो, साय धरतो,
शेवटी तुळशीलाही नको होतो.
माझा दुसरा. फ्लास्कमधला.

चोडणच्या धक्क्यावर सात चाळीसची फेरी.
स्कूटर लावायची, इंजिन बंद.
बॅग पायाशी, मोबाइल बॅगेत, उलटा.
मांडवी इथे रुंद आहे
आणि तिला रायबंदरला पोहोचायचं नसतं.
सात मिनिटं
कुणालाच काही करता येत नाही.
डबा विसरला असेल तर विसरला.
गॅस बंद केला का?
केला असेल.
टोपणात चहा ओतते. वाफ चष्म्यावर.

पलीकडच्या कठड्याशी कुस्तोदियोबाब असतात,
पेपर घडी घातलेला, कधी न उघडलेला.
ते भुवई उचलतात, मी मान हलवते.
पाच वर्षांत आम्ही एक वाक्य बोललेलो नाही.
ओळखीतली एवढी मोठी सोय
सख्ख्या माणसांनाही जमत नाही.

गेल्या मंगळवारी गौतमी बरोबर होती,
दाढ दाखवायला पणजीला.
तिने सगळं पाहिलं. टोपण, वाफ, भुवई.
आई, तू काय करतेस?
काही नाही.
रोज?
असं विचारलं, जणू मी रोज चोरून आइस्क्रीम खाते
आणि घरी येऊन पालकाची भाजी वाढते.

कांदळाच्या पुढे एका खांबावर
पाणकावळा पंख उघडून उभा होता,
दोरीवर टाकलेल्या रेनकोटासारखा.
तोपण काही करत नाहीये, ती म्हणाली.
वाळतोय.
ते चालतं?
चालतं.
तिने टोपणातला चहा मागितला. दाढ दुखत होती, तरी
दिला एक घोट.
मग तीही गप्प बसली, गाल हातात धरून,
चपला हलवत,
तोंडावर हळूहळू
तिच्या बापासारखी झोप आलेली.

मग साखळ्या खडखडल्या, रॅम्प पडला,
पन्नास स्कूटरी एकदम खोकल्या.
कुस्तोदियोबाबांनी आज भुवई दोनदा उचलली.

शुक्रवारी ती म्हणाली, दाढ पुन्हा दुखतेय.
गाल पाहिला. सूज नव्हती.
युनिफॉर्म घाल, म्हटलं.
दुसऱ्या शनिवारी शाळा नसते ना आई?
नसते.
आणि तुझं चष्म्याचं दुकान?
असतं.
बघू, म्हटलं.
माझ्या बघूचा अर्थ तिला पाठ आहे.

रात्री टोपलीत मोजे मोजले, तेवीस.
चोविसाव्याची चौकशी केली नाही.
पाय चारच आहेत घरात राखी मोजे घालणारे,
आणि लाइट घालवायची वेळ झाली होती.