वाऱ्याचा माणूस

गोळीबार चौकातून आत, दुसऱ्या बोळीत
गुंफाबाई निखारेंची सावजी खानावळ.
मे महिना, सकाळचे साडेदहा,
आणि ज्योत एका अंगावर झोपलेली.

"पाय," ती म्हणते, "डावीकडं जळून राहिली,
उजवीकडं नुसती पिवळी होऊन चाटते.
गंजाचं अर्धं बूड काळं.
मंग भपकन उठते. मंग मरते.
गॅस परवडे ना म्हणून हे गोळ्यांची शेगडी घेतली,
तं हिचेच नखरे."

मी मुळात कूलरचा माणूस.
वाळ्याच्या ताट्या, पंप, पात्यांचा तोल;
वारा हाच धंदा.
म्हणून पहिलं काम केलं ते
ब्लोअरचं बटण वाढवायचं.
ज्योत उभी झाली, क्षणभर निळसर,
मग ठिणग्या, मग पेटत्या गोळ्याच उडाल्या
आणि हिरव्या वाटणावर राख.
गुंफाबाई काही बोलली नाही.
वाटणावर ताटली ठेवली, तेवढंच.

शेगडी थंड व्हायला वीस मिनिटं.
मग जळणाची वाटी उपसली:
तळाशी राख वितळून काचेसारखी गोठलेली,
उजवीकडची अकरा भोकं बुजलेली.
खिळ्यानं एकेक मोकळं केलं.
सापडलं, म्हटलं. हातसुद्धा पुसले.
पुन्हा पेटवली. ज्योत भाकरीसारखी गोल आली
आणि सातव्या मिनिटाला
परत खाली बसली.

खाली स्क्रू फिरत होता:
दोन सेकंद टर्र, पाच सेकंद गप्प,
टर्र, गप्प.
गुंफाबाईनं इतवारीत वीस वर्षं माग चालवलेला.
तिनं उलथनं खाली ठेवलं, डोळे मिटले.
"फिरते ना बाप्पा. पण रिकामं फिरते.
भरल्या धोट्याचा आवाज जड येते."

टाकीचं झाकण उघडलं. गच्च.
काठोकाठ गोळ्या, पऱ्हाटीच्या, सोयाबीनच्या कुटाराच्या.
हात दाबला
आणि तो कोपरापर्यंत आत गेला.
वरून भरलेली, खाली पोकळ.
गोळ्यांनी एकमेकींना धरून कमान बांधली होती,
आणि कमानीखाली स्क्रू
हवा चावत बसला होता.

कोरडी गोळी मोडली की कट् वाजते.
ही बोटात वाकली,
मग बिघडल्या लाडूसारखी भुसभुशीत झाली.
"ओल आहे," मी म्हटलं.
"पण मे महिन्यात? नागपुरात?
कुठून येईल ओल?"
"हे तू मले विचारून राहिला?"

कोठीत आठ पोती भिंतीशी लावलेली.
वर खिडकीत कूलर,
त्याच्या टाकीच्या कोपऱ्यातून
थेंब. थांबा. थेंब.
जवळजवळ स्क्रूच्याच ठेक्यात.

कूलर मीच बसवला होता, होळीनंतर.
एम-सील उद्या लावतो, म्हणालो होतो.

दुपारी गच्चीवर गोळ्या पसरल्या,
बाजूच्या घरच्या कुरड्यांच्या शेजारी.
गव्हाच्या चाळणीनं चाळल्या. भुगा निघाला दीड टोपलं.
पायाखाली पत्रा तापलेला, डोक्यावर दुपट्टा,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
मला वारा नको होता:
आला की भुगा डोळ्यात.
चारपर्यंत गोळी कट् वाजायला लागली.

संध्याकाळी टाकी अर्धीच भरली,
झाकणाची ढिली दोरी घट्ट बसवली,
ब्लोअर दोन घरं खाली आणला.
ज्योत उठली. मी घड्याळ धरून उभा.
सात मिनिटं. बारा. वीस.
रस्सा कडेनं उकळायला लागला.

"पैसे किती झाले?"
मी नखातली काजळी काढत राहिलो.
तिनं ताट वाढलं, माझ्या हातापासून जरा दूर ठेवलं.
"आधी कूलर," म्हणाली. "मंग जेव."

ज्योत अजून केसभर डावीकडं कलत होती.
मी पुन्हा वाटीकडं वाकलो,
तर तिनं फुटक्या मडक्याची खापर आणून
शेगडीच्या एका पायाखाली सरकवली.
"फरशी उतरती हाय," म्हणाली.
"ते काही तुझं नाही."